नंबर लावला होतास ना? घरची कामं फोनवरच्या असिस्टंटला लावून देताना

आमच्याकडे गॅस संपतो तो रविवारीच, आणि तोही कुकरची एक शिट्टी होऊन गेल्यावर. मग हॉलमधून प्रश्न येतो, "नंबर लावला होतास ना?" त्या ‘होतास’मधला शेवटचा ‘स’ नीट ऐका. घरात मोठी माणसं तीन, मोबाइल तीन, एजन्सीचा नंबर तिन्ही मोबाइलमध्ये. पण सिलिंडर कधी जोडला आणि पुढचा कधी सांगायचा, हे लक्षात ठेवायचं खातं एकाच माणसाच्या नावावर. त्याच खात्यात दूधवाल्याचे खाडे, शुक्रवारी शाळेत पिवळा टी-शर्ट, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा विमा आणि नणंदेच्या मुलाचा वाढदिवस.

दीड वर्षापूर्वी मी यातलं बरंचसं फोनवरच्या असिस्टंटकडे सोपवलं. पहिले दोन महिने काम वाढलं. पूर्वी विसरायचे तेव्हा निदान शांतता तरी असायची. आता दिवसभर माझाच फोन माझ्यावर ओरडायला लागला. चूक माझीच होती. सगळ्या आठवणी मी माझ्याच फोनवर लावून ठेवल्या होत्या. मेंटेनन्स भरायचा नवऱ्याने, आठवण वाजायची माझ्याकडे, मग मी त्याला ऑफिसात फोन करायचे. म्हणजे आधी मी घराची डायरी होते, आता डायरी आणि टेलिफोन ऑपरेटर, दोन्ही. ज्याचं काम त्याच्याच फोनवर आठवण वाजली पाहिजे, हे कळायला दोन महिने गेले. तुमचे ते वाचावेत म्हणून आधीच सांगते.

असिस्टंट म्हणजे नक्की कोण

व्हर्च्युअल असिस्टंट हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे खरंखुरं माणूस: कुठूनतरी ऑनलाइन, तासांच्या हिशेबाने पैसे घेऊन तुमची तिकिटं काढणारं, डॉक्टरची वेळ घेणारं, बिलांचा पाठपुरावा करणारं. मुलं परदेशात आणि आई-वडील पुण्यात अशा घरांना हा प्रकार उपयोगी पडतो. दुसरा म्हणजे फोनमधलं किंवा स्पीकरमधलं यंत्र. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे. पुढे कधी माणूस ठेवलंत, तर खाली सांगितलेली यादी त्यालाही जशीच्या तशी देता येईल. बँकेचा पासवर्ड मात्र दोघांनाही द्यायचा नाही.

यंत्रांची ओळख थोडक्यात. अ‍ॅपलची सिरी २०११ मध्ये आयफोन ४एसबरोबर आली. अ‍ॅमेझॉनच्या स्पीकरमधली अलेक्सा २०१४ मध्ये अमेरिकेत, २०१७ मध्ये भारतात आली आणि २०१९ मध्ये हिंदी शिकली. मराठीत बोलायला गेलात तर ती गोंधळते. गूगल असिस्टंट २०१६चा, मराठी त्याला २०१८ मध्ये आलं. जेमिनी या गूगलच्याच नव्या एआय असिस्टंटचं मोबाइल अ‍ॅप भारतात जून २०२४ मध्ये आलं ते नऊ भारतीय भाषा घेऊनच, आणि त्यात मराठी आहे. मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की फोनवरच्या असिस्टंटची जागा हळूहळू जेमिनी घेणार. तेव्हा तुमच्या अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण दाबून धरल्यावर दोघांपैकी कोणीही उगवेल. घाबरू नका, आपल्याला हवी ती कामं दोघांनाही येतात.

स्पीकर विकत घ्यायची सुरुवातीला काहीच गरज नाही. फोन, त्यातलं कॅलेंडर आणि एक वही एवढं पुरे.

पहिली पायरी वहीतली

फोनला हात लावायच्या आधी एक संध्याकाळ काढा. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं घ्या आणि डोक्यात जे जे आहे ते लिहून काढा. मोठं-छोटं करू नका. ‘एलआयसीचा हप्ता’ आणि ‘इस्त्रीवाल्याकडून निळी ओढणी आणायची’ एकाखाली एक आलं तरी चालेल. माझी यादी सत्तेचाळीस ओळींची झाली. नवऱ्याला वाटत होतं पंधरा होतील. ती वही त्याच्यापुढे ठेवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हे सगळं रोज डोक्यात असतं?" त्या दिवशी कुठलंही अ‍ॅप न टाकता निम्मं काम झालं.

आता प्रत्येक ओळीपुढे दोन गोष्टी लिहा. करणार कोण, आणि कळणार कशावरून. ‘करणार कोण’पुढे सवयीने स्वतःचं नाव लिहिलं जातं, तेव्हा ही ओळ घरातल्या सगळ्यांनी मिळून भरा. ‘कळणार कशावरून’ची उत्तरं साधारण तीनच निघतात. काही कामं तारखेची असतात: विमा, घरपट्टी, फी, विवरणपत्र. काही वेळेची: गोळी, डबा, पाणी यायची वेळ. आणि काही संपण्याची: गॅस, तांदूळ, गोळ्यांची स्ट्रिप. पहिली कॅलेंडरात जातात, दुसरी आठवणीत किंवा अलार्ममध्ये, तिसरी यादीत.

आणि काही कामं फोनमध्ये जातच नाहीत. आमच्या घरकामाच्या मावशींचे खाडे मी हौसेने फोनमध्ये बोलून ठेवायला लागले होते. महिनाअखेरीला हिशेबाला बसलो तर मावशी म्हणाल्या, "ताई, हे तुमच्या फोनात आहे, मला कुठं दिसतंय?" बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या दिवसापासून खाडे परत स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पेन दोरीला बांधलेलं, त्यांनी स्वतः गोल करायचा. ज्या नोंदीवर दोन बाजूंचा पैसा ठरतो ती दोघांना दिसेल अशा जागी हवी. दुधाचंही तसंच.

एक कॅलेंडर, सगळ्यांचं

गूगल खात्यात कुटुंबगट करता येतो. तुम्ही धरून जास्तीत जास्त सहा माणसं. गट केला की ‘कुटुंब’ नावाचं एक सामाईक कॅलेंडर आपोआप तयार होतं आणि गटातला कोणीही त्यात नोंद टाकू, बदलू, पुसू शकतो. गटातली सगळी खाती एकाच देशातली असावी लागतात. त्यामुळे मुलगा जर्मनीत असेल तर गटाच्या नादी लागू नका. एक नवं कॅलेंडर करून त्याच्या ईमेलवर शेअर करा. हे काम संगणकावर ब्राउझरमधून केलेलं सोपं जातं.

इथे तीन खड्डे आहेत आणि नवीन माणूस तिन्हीत पडतो.

बोलून टाकलेली नोंद सहसा तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरात जाऊन बसते, सामाईक कॅलेंडरात नाही. म्हणून बोलून झालं की एकदा ती नोंद उघडा आणि कॅलेंडर बदला, किंवा ‘पाहुणे’ या रकान्यात नवऱ्याचा ईमेल घाला. पाहुणा म्हणून घातलेल्याच्या कॅलेंडरातही ती नोंद उमटते. घरच्याच माणसाला पाहुणा म्हणायचं हे जरा विचित्र वाटतं, पण काम होतं.

दुसरा खड्डा आठवणींचा. ‘आठवण करून दे’ असं गूगल असिस्टंटला सांगितलं की २०२३पासून ती आठवण टास्क्स नावाच्या अ‍ॅपमध्ये जाते, आणि तिथलं टास्क फक्त तुमचं असतं, फक्त तुमच्याकडे वाजतं. माझे ते पहिले दोन महिने असेच गेले. दुसऱ्याला सांगायचं काम असेल तर ‘आठवण’ म्हणू नका, ‘कॅलेंडरमध्ये टाक’ म्हणा.

तिसरा अगदी बारीक. सामाईक कॅलेंडरची घंटा प्रत्येकाच्या फोनवर वेगवेगळी लावावी लागते. तुमच्याकडे अर्धा तास आधी वाजतं म्हणून त्याच्याकडेही वाजेल असं नाही. त्याचा फोन हातात घ्या, कॅलेंडर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरपुढे सूचना चालू आहे ना ते बघा. "मला आलंच नाही" या वाक्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. नेहमीच इथे सापडतं असं मात्र मी म्हणणार नाही.

नोंदीचं नाव क्रियापदासकट लिहा. नुसतं ‘विमा’ लिहिलं तर वाजल्यावर माणूस ‘हो, विमा’ म्हणून फोन खिशात टाकतो. ‘गाडीचा विमा भर, जुनी पॉलिसी कपाटातल्या निळ्या फायलीत’ असं लिहिलं की निदान उठून फाईल तरी काढतो.

वर्षातून एकदाच येणाऱ्या तारखा

खरा फायदा इथे आहे. रोजचं काम आपण सहसा विसरत नाही. वर्षाने किंवा पाच वर्षांनी येणारं विसरतो. एका रविवारी कागदांची फाईल पुढे घेऊन या तारखा एकदाच टाकून द्या.

गाडीच्या विम्याची तारीख महिनाभर आधी आणि परत आठवडाभर आधी. तारीख उलटून ९० दिवस झाले तर साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. आयुर्विम्याच्या हप्त्याला महिन्याचा हप्ता असेल तर १५ दिवस आणि बाकीच्यांना ३० दिवस सवलतीचे असतात, पण त्या भरवशावर राहायचं नसतं. पीयूसीची मुदत गाडीप्रमाणे वेगळी, कागदावरची तारीख बघून टाका.

पासपोर्ट मोठ्यांचा १० वर्षांचा, लहान मुलांचा ५ वर्षांचा. मुलाच्याच पासपोर्टची मुदत लक्षातून जाते, कारण आपल्या डोक्यात दहाचा आकडा बसलेला असतो. बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणून मी आठवण मुदतीच्या नऊ महिने आधीची लावली आहे.

मुलांच्या आधारचे ठसे ५व्या आणि १५व्या वर्षी नव्याने द्यावे लागतात. लसींचंही असंच. पहिल्या दोन वर्षांतल्या लसी कोणी विसरू देत नाही, बाळाचं कार्ड असतं, आजी असते, डॉक्टर असतात. पण राष्ट्रीय वेळापत्रकात टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस १०व्या आणि १६व्या वर्षी आहे, तोवर ते कार्ड कुठल्या खणात गेलेलं असतं देव जाणे. मूल तान्हं असतानाच १०व्या वाढदिवसावर नोंद टाकून ठेवा. कॅलेंडरला दहा वर्षं म्हणजे काहीच नाही.

घरात केंद्र सरकारची पेन्शन घेणारं कोणी असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये. ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला देणाऱ्याची आठवण त्यांच्या फोनवर हवीच, पण तुमच्याकडेही हवी. वर सांगितलेल्या नियमाला हा अपवाद मी जाणूनबुजून करते. दाखला राहिला तर पेन्शन थांबते.

तिथीचं काय करायचं

हा प्रश्न इंग्रजीतल्या कुठल्या मार्गदर्शकात सापडणार नाही. कॅलेंडरला ‘दरवर्षी’ म्हटलं की ते इंग्रजी तारीख धरतं. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला. सासऱ्यांचं श्राद्ध, कुलधर्म, आजीचा तिथीने येणारा वाढदिवस, यातलं काहीही ‘दरवर्षी’ वर टाकलंत तर पुढच्या वर्षी फोन भलत्याच दिवशी वाजेल आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून गुरुजींना फोन कराल.

यावर मला तरी एकच उपाय सापडला. डिसेंबरात नवं कालनिर्णय घरी येतं, त्या आठवड्यात सासूबाई ते घेऊन बसतात आणि मी फोन घेऊन. त्या महिनेवार वाचतात, "भाद्रपद वद्य पंचमी, लिही." मी तारीख बोलते, ती त्या एका वर्षापुरती कॅलेंडरात जाते. पाऊण तास लागतो, चहासकट. असिस्टंटला नुसतं "पुढच्या वर्षी पितृपक्ष कधी" असं विचारून मिळालेल्या तारखेवर मी विसंबत नाही. उत्तर ठामपणे मिळतं, बरोबर असेलच असं नाही. आणि पंचांगात तिथी कुठल्या वेळेला लागते त्यावर दिवस ठरतो, ते बघायला सासूबाईच लागतात.

बोलायचं कसं

भाषा आधी ठरवा. असिस्टंटच्या सेटिंगमध्ये भाषा असा पर्याय असतो, तिथे मराठी निवडा. गूगल असिस्टंटमध्ये दोन भाषा एकत्र ठेवता येतात, तर मराठी आणि इंग्रजी ठेवा. आपण बोलतोच तसं.

मग सरळ बोला. "दर महिन्याच्या ५ तारखेला सकाळी १० वाजता मेंटेनन्स भरायचं कॅलेंडरमध्ये टाक." एका वाक्यात एकच काम. "आणि हो, ते झालं की दळणाचंही बघ" असं जोडवाक्य माणसाला कळतं, यंत्राच्या हातून निसटू शकतं.

मराठीतले काही शब्द घात करतात. ‘परवा’ म्हणजे होऊन गेलेला की येणारा, हे आपण वाक्यावरून ओळखतो. यंत्रासाठी तारीखच सांगा. ‘सातला’ म्हणजे सकाळी की संध्याकाळी तेही सांगा. पावणे, सव्वा, साडे, अडीच हे बोलून बघा आणि स्क्रीनवर काय उमटलं ते वाचा. पावणेआठच्या जागी सात पंचेचाळीस म्हणायला जड वाटतं खरं, पण मुलीची बस चुकण्यापेक्षा बरं.

सगळ्यात फसवा शब्द ‘उद्या’. मुलीची सहल होती. आदल्या रात्री डबा, टोपी, पाण्याची बाटली सगळं भरून मी झोपायला गेले आणि फोनला म्हटलं, "उद्या सकाळी साडेपाचला उठव." घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझ्या लेखी दिवस अजून संपला नव्हता, पण फोनच्या लेखी तारीख बदलली होती. त्याने इमानेइतबारे एक दिवस पुढचा गजर लावला. सहल वाचली ती मुलगी स्वतःच पाच वाजता उठून दप्तर पाठीला लावून बसली होती म्हणून. तेव्हापासून मध्यरात्रीनंतर मी ‘उद्या’ म्हणत नाही, तारीख म्हणते. आणि काहीही लावलं की स्क्रीनवर आलेली तारीख-वेळ वाचल्याशिवाय फोन खाली ठेवत नाही.

संपणाऱ्या वस्तू

गॅस कधी संपणार हे कोणालाच सांगता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मागच्या चार-पाच सिलिंडरच्या खुणा असतील तर त्यांतले दिवस मोजा. आमचा १४.२ किलोचा सिलिंडर साधारण चाळीस दिवस जातो, दिवाळीच्या महिन्यात त्याहून कमी. कनेक्शन एकाच सिलिंडरचं. म्हणून नवा जोडला की जोडणाराच तिथल्या तिथे फोनला सांगतो, "आजपासून ३० दिवसांनी गॅसचा नंबर लावायची आठवण कर." सिलिंडर उचलून जोडतो नवरा, त्यामुळे आठवण त्याच्याच फोनवर. रविवारी हॉलमधून प्रश्न येणं बंद झालं आहे.

गोळ्यांच्या स्ट्रिपचंही तेच. पंधराची स्ट्रिप, रोज एक, तर फोडल्या दिवशी "अकरा दिवसांनी बीपीच्या गोळ्या आणायच्या" एवढं बोलून टाका. गोळ्या संपल्यावर वाजणारी आठवण काही कामाची नाही.

किराण्याच्या यादीसाठी गूगलच्या कीप या टिपणवहीत एक चेकलिस्ट करून घरातल्या सगळ्यांशी शेअर करा. नियम एकच: जो डबा रिकामा करतो तो यादीत लिहितो. मुलांना हे फार आवडतं. आमच्या यादीत दर आठवड्याला ‘चॉकलेट’ असतं, कोणी टाकलं ते कोणीच सांगत नाही. घरात अलेक्सा असेल तर पीठ मळता मळता "अ‍ॅड जिरा टु शॉपिंग लिस्ट" म्हणता येतं. हात भरलेले असताना याला तोड नाही. मात्र बोलून खरेदी करण्याची सोय सेटिंगमधून बंद ठेवा किंवा तिला पिन लावा.

शाळेच्या सूचना

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला चाळीस संदेश येतात, त्यांतला एक कामाचा असतो, आणि तो फोटो असतो. इथे जेमिनीचा चांगला उपयोग होतो. सूचनेचा फोटो द्या आणि म्हणा, "यातल्या तारखा कॅलेंडरमध्ये टाक आणि कुठल्या दिवशी काय न्यायचं ते नोंदीत लिही." त्यासाठी जेमिनीच्या सेटिंगमध्ये कॅलेंडर जोडलेलं असावं लागतं. परीक्षेचं वेळापत्रक, पालकसभा, गॅदरिंगची तालीम, सगळं दोन मिनिटांत बसतं.

टाकल्यावर मूळ कागद हातात धरून प्रत्येक तारीख जुळवून बघा. ०८/०७ असं छापलेलं असेल तर ते ८ जुलै आहे हे तुम्हाला माहीत आहे. अमेरिकी पद्धतीने वाचलं तर ७ ऑगस्ट होतं. तारखेबरोबर वारही तपासा, वार चुकला की लगेच लक्षात येतं. आणि मुलाचा चेहरा, शाळेचं नाव, इयत्ता-तुकडी फोटोत येत असेल तर आधी तेवढा भाग कापून टाका.

सासूबाई आणि अलेक्साबाई

वयस्कर माणसांसाठी हे लावून देताना घाई करू नका. आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पहिले काही दिवस त्या अलेक्साला ‘अहो’ म्हणायच्या आणि तिने उत्तर दिलं नाही की रागवायच्या. हिंदीतून बोलावं लागतं हे कळल्यावर दूरदर्शनच्या मालिकांवर कमावलेली हिंदी कामाला आली. आता "अलेक्सा, आठ बजे दवाई की याद दिलाना" हे वाक्य त्या जपासारखं म्हणतात. फोनवर मात्र मराठीतच बोलतात, आणि तिकडे त्यांचा सगळ्यात आवडता उपयोग म्हणजे फोन लावणं. चष्मा न शोधता "धाकट्या जावेला फोन लाव." त्यासाठी त्यांच्या फोनमधली नावं त्या जशी घेतात तशी साठवा. ‘डॉ. अमुक एमडी’ असं साठवलं तर त्या तसं कधीच म्हणणार नाहीत. ‘डोळ्यांचे डॉक्टर’ असं साठवा.

गोळीची आठवण त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘नाश्ता झाल्यावर पांढरी छोटी गोळी’ हे गोळीच्या इंग्रजी नावापेक्षा त्यांना लवकर कळतं. कुठली गोळी किती हे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरवायचं, असिस्टंटला विचारून नाही. आणि अडचणीच्या वेळी यंत्राशी बोलत बसू नये म्हणून १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (तातडीची मदत) हे दोन आकडे फ्रीजवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेले असू द्या.

काय सांगायचं नाही

ओटीपी, एटीएमचा पिन, पासवर्ड, आधार आणि बँक खात्याचे आकडे यातलं काही बोलून किंवा लिहून ठेवू नका. ‘लॉकरची चावी कुठे ठेवली’ हेही नको. लॉक स्क्रीनवर खासगी माहिती दाखवायची सोय बंद करा, नाहीतर टेबलावर पडलेला फोन आल्यागेल्याला तुमचं वेळापत्रक वाचून दाखवेल.

कस्टमर केअरचा नंबर असिस्टंटला विचारून लगेच लावू नका. शोधात वर आलेला नंबर भामट्यांचा असू शकतो, आणि हा फसवणुकीचा नेहमीचा मार्ग आहे. गॅस एजन्सीचा नंबर गॅसच्या पुस्तकावरून घ्या, बँकेचा कार्डाच्या मागून, आणि एकदाच नीट साठवून ठेवा. फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तुमचं बोलणं खात्यात साठतं. गूगल खात्यातल्या ‘माझी अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये जाऊन ते पुसता येतं आणि ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसलं जाईल असंही लावता येतं. मी तीनवर ठेवलं आहे. जेमिनीतल्या संभाषणांपैकी काही माणसंही तपासतात, असं गूगल स्वतःच सांगतं. तेव्हा जावा-जावांचं भांडण तिथे उलगडून सांगू नका. अलेक्साच्या डोक्यावर माइक बंद करायचं बटण असतं, दाबलं की लाल दिवा लागतो. आमच्याकडे पाहुणे आले की सासूबाई आधी तो दिवा लावतात, मग चहा टाकतात.

पहिला महिना

सत्तेचाळीस ओळी एका दिवशी फोनमध्ये भरू नका. पहिल्या आठवड्यात पाच घ्या: एक गॅस, एक औषध, एक बिल, एक शाळेचं, आणि एक असं काम जे तुमच्याशिवाय दुसऱ्याने करायचं आहे. हे पाचवं सगळ्यात अवघड. त्याच्या फोनवर वाजल्यावर तुम्ही तोंडाने आठवण करायची नाही. आमचं विजेचं बिल एकदा तारखेनंतर भरलं गेलं, विलंब आकार पडला, मी गप्प बसले. दात-ओठ खात, पण गप्प. पुढच्या महिन्यात तीन दिवस आधी भरलं गेलं होतं.

महिनाअखेरीला दहा मिनिटं काढून आठवणींची छाननी करा. जी आठवण लागोपाठ तीन वेळा न करता बाजूला सारली गेली आहे ती उघडा. वेळ चुकीची असेल तर बदला: ऑफिसला निघायच्या गडबडीत ‘दळण टाक’ वाजून उपयोग नसतो, शनिवारी दहाला वाजू द्या. माणूस चुकीचा असेल तर माणूस बदला. आणि कामच राहिलं नसेल तर पुसून टाका. माझ्याकडे ‘झाडांना पाणी’ रोज संध्याकाळी सहाला वाजायचं आणि मी रोज ते बंद करायचे. तीन आठवड्यांनी बाल्कनीत जाऊन बघितलं तर माती ओली. सासूबाई सकाळची पूजा झाली की तुळशीबरोबर सगळ्याच कुंड्यांना घालत होत्या, पहिल्यापासून.